कौटुंबिक हिंसाचाराची केस: पोलिस ठाणं, दवाखाना, कोर्ट आणि गल्ली यांची मोट कशी बांधायची

शनिवारी रात्री एका बाईला नवऱ्याने मारलं. ती पोलिस ठाण्यात गेली, तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिच्यावर पोलिस आपणहून तपास करत नाहीत) लिहून घेतली आणि ‘संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा’, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना भेटा, असं सांगितलं. रविवारी ते कार्यालय बंद. सोमवारी अधिकारी कोर्टात. दवाखान्यात विचारलं, ‘पोलिसांचं पत्र कुठंय?’ वकिलांनी विचारलं, ‘दवाखान्याचा कागद कुठंय?’ प्रत्येक ठिकाणी तिने सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, आणि गुरुवारी ती मुलांना घेऊन परत त्याच घरी गेली. या पाच दिवसांत तिला कुणी मुद्दाम हाकललं नव्हतं. ज्याने त्याने आपल्यापुरतं काम करून तिला पुढच्या दाराकडे बोट दाखवलं, इतकंच.

या क्षेत्रात तुम्ही नव्याने आला असाल, समुपदेशन केंद्रात, एखाद्या संस्थेत किंवा वस्तीतल्या महिला मंडळात, तर तुमचं खरं काम या दोन दारांमधल्या अंतरात आहे. कागदाने आणि कार्यकर्तीने फिरावं, बाईने शक्य तितकं कमी फिरावं, हे माझं मत मी आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं आढळलं. ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाजवळ बोललंही नाही. म्हणजे तुमच्यासमोर बसलेली बाई आधीच मोठा उंबरठा ओलांडून आलेली असते. तिला नुसता पत्ता सांगून वाटेला लावायचं, हे मनाला पटू देऊ नका.

केस यायच्या आधी

पहिला आठवडा केस हातात न घेता घालवा. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन या. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आणि ते कोणत्या वारी कोर्टात असतात? पोलिस ठाण्यात महिलांच्या तक्रारी प्रत्यक्षात कोण बघतं? सरकारी दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची वैद्यकीय नोंद) कोणत्या खिडकीवर होते? सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र) कुठे आहे? शक्ती सदन (बायकांसाठीचं सरकारी निवारागृह) कुठे, आणि तिथे बाईबरोबर केवढ्या वयापर्यंतचा मुलगा ठेवून घेतात? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रात्री अकरा वाजता त्याच्यावरच गाडी अडते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातही डोकवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं, आणि काही कारकुनांनाही.

प्रत्येक ठिकाणच्या दोन माणसांची नावं वहीत लिहा. एक नेहमीचं आणि एक रजेच्या दिवसाचं. अधिकारी बदलून गेला की वहीतलं पान जुनं होतं, म्हणून दर तीन महिन्यांनी वही चाळा. शिवाय ११२ (पोलिस), १८१ (महिला हेल्पलाइन), १०९८ (मुलांसाठी) आणि १५१०० (विधी सेवा) हे आकडे तोंडपाठ असू द्यात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलूथ गावात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिस, सरकारी वकील, न्यायालय आणि बायकांची निवारागृहं यांनी मिळून कामाची सामायिक, लेखी पद्धत ठरवली. नवऱ्याला जबाबदार धरण्याचं ओझं बायकोच्या खांद्यावरून उचलून यंत्रणेवर ठेवायचं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १९८४ मध्ये मुंबई पोलिस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या महापालिका रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं. बाई जिथे जाते तिथेच मदत करणारी ताई बसवायची, ही दोन्हीकडची युक्ती एकच.

पहिली भेट

बाई एकटी असताना बोला. सासूला, दिराला आणि सुरुवातीला आईलाही बाहेर बसवा. ‘तुमच्याशी संपर्क कसा ठेवू? कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी?’ हे हकिकत ऐकण्याआधी विचारून घ्या. मी नवी असताना एका बाईला दुपारी सरळ फोन लावला होता. फोन नवऱ्याने उचलला आणि मी बावळटासारखं संस्थेचं नाव सांगितलं. त्याची किंमत तिने मोजली. तेव्हापासून मी फोनवर बोलण्यासाठी ठरवलेलं खोटं कारण आणि एक खुणेचा शब्द आधी लिहून घेते.

मग ऐका. मध्ये उपदेश नको, ‘पण तुम्ही काय बोललात?’ हेही नको. ऐकता ऐकता धोक्याचा अंदाज घ्यायचा असतो, आणि त्यासाठी काही गोष्टी थेट विचाराव्याच लागतात. त्याने कधी गळा दाबला का? जिवे मारण्याची धमकी दिली का? घरात कोयता, बंदूक किंवा पेट्रोल असं काही आहे का? गरोदरपणात मारलं का? मोबाइल तपासणं, पाठलाग, कामावर येऊन बसणं असं चालतं का? ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ असं म्हणतो का? अलीकडे मार वाढला आहे का? आणि तिला स्वतःला काय वाटतं, तो जिवाचं बरंवाईट करील का? तिच्या भीतीला पुराव्याइतकं वजन द्या. मात्र ती ‘तसं काही नाही हो’ म्हणाली तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

गळा दाबण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ही गोष्ट हमखास हुकते. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं यांपैकी काही घडलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आतली इजा काही तासांनी किंवा दिवसांनीही उलटू शकते. शिवाय ज्याने एकदा गळा धरला त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो. बाई मात्र सांगते, ‘मारलं नाही, नुसता गळा धरला.’

भेटीच्या शेवटी संमतीचं बोला. कोणती माहिती कुणाला द्यायची, हे तिने ठरवायचं. पोलिसांना पत्ता द्यायचा, पण माहेरचा नाही. डॉक्टरांना सगळं सांगायचं, पण सरपंचांना काहीच नाही. असं तिचं काहीही असू शकतं. तसंच लिहून घ्या. जीव धोक्यात असेल किंवा मुलांना इजा होत असेल तर संमतीची वाट पाहता येणार नाही, हेही तिला आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

घटना अहवाल, म्हणजे डीआयआर

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. सगळ्या यंत्रणा एका माळेत ओवायला हाच धागा उपयोगी पडतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची दखल तो घेतो. कलम ४ प्रमाणे हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. शेजारीण, अंगणवाडी सेविका, तुम्ही, कुणीही. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर जबाबदारी येत नाही. हे वाक्य वस्तीतल्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. त्याने तोंडं उघडतात.

या कायद्याखालच्या नियमांतला नमुना १ म्हणजे घटना अहवाल. तो संरक्षण अधिकारी किंवा नोंदणी झालेली सेवा देणारी संस्था भरते, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याची प्रत पोलिस ठाण्यात जाते. इथे घाई करू नका. ‘नवरा त्रास देतो’ असं लिहिलेला अहवाल कोर्टात कुणाला हलवत नाही. तारीख, जागा, काय केलं, कोणत्या वस्तूने, कोण बघत होतं, हे लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘धाकटीच्या बारशाच्या आदल्या दिवशी’ चालतं. पगार काढून घेणं, एटीएम कार्ड ठेवून घेणं, दागिने मोडणं, औषधाला पैसे न देणं हा आर्थिक छळ बाई आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. तिचे शब्द तिच्याच बोलीत राहू द्या. ‘किरकोळ घरगुती वाद’ हे शब्द अहवालात आले तर समजा की पुढच्या प्रत्येक टेबलावर केस अर्धी हरली.

संरक्षण अधिकाऱ्यांचं पद रिकामं असेल, किंवा तीन-तीन कामांमुळे त्यांची भेटच होत नसेल, तर तिष्ठत बसायचं कारण नाही. प्रभा त्यागी प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की घटना अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी अर्जावर आदेश देऊ शकतात. म्हणजे विधी सेवेच्या वकिलांमार्फत नमुना २ मधला अर्ज थेट दाखल करता येतो. आणि मारहाण चालू असल्याची खात्रीची खबर फोनवर आली, तर ताबडतोब पोलिसांची मदत घेऊन जागेवर जायचं आणि अहवाल तिथेच लिहायचा, असं २००६ च्या नियमांत आहे.

पोलिस ठाण्यात

बरोबर जा. शक्यतो दोघी जा. एकीने बाईजवळ बसायचं, दुसरीने ठाणे अंमलदारांशी बोलायचं.

एनसी का होते ते समजून घ्या, म्हणजे नुसती चिडचिड होणार नाही. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे. एक झापड मारली असं सांगितलं की पोलिस एनसी लिहितात. पण त्याच झापडीमागे वर्षानुवर्षांचा छळ असेल तर ते कलम ८५ होतं, जुन्या दंड संहितेतलं ४९८-अ, आणि ते दखलपात्र आहे. फरक सांगण्यात आहे. एका रात्रीची घटना सांगितली तर एका रात्रीची नोंद होते, म्हणून बाईला शेवटची घटना, सगळ्यांत वाईट घटना आणि सुरुवात अशा क्रमाने सांगायला आधी तयार करा. एक बारकावा वहीत ठेवा. कलम ८५ मध्ये पोलिसांनी दखल घेण्यासाठी फिर्याद बाईने स्वतः किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. कार्यकर्तीने दिलेली चालत नाही. संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं, हा नियम इथे लागू करायला गेलात तर हसं होईल. माझं झालं होतं.

‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. शिवाय रूपाली देवी प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की सासरच्या छळाची फिर्याद, बाई जिथे आसऱ्याला आली आहे तिथेही देता येते. पुणे सोडून लातूरला माहेरी आलेल्या बाईला परत पुण्याला पिटाळायची गरज नाही.

गुन्हा दाखल झाला की नवरा आत जाईल, असं बाईला आणि तिच्या भावांना वाटत असतं. तसं होईलच असं नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी होऊ शकते, आणि अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) अशा गुन्ह्यांत सरसकट अटक होत नाही. मग त्या संध्याकाळी तो घरीच असणार, आणि त्याला फिर्यादीची खबर लागलेली असणार. बाई ठाण्यातून बाहेर पडण्याआधी ती रात्री कुठे झोपणार हे ठरलेलं हवं.

दवाखाना

कायद्याप्रमाणे उपचारासाठी घटना अहवाल लागत नाही. तो नाही म्हणून बाईला परत पाठवता येत नाही. डॉक्टरांशी भांडण्यापेक्षा एकच विनंती करा. केसपेपरवर ‘पडून लागलं’ ऐवजी बाई जे सांगते ते लिहा, ‘नवऱ्याने काठीने मारल्याचं रुग्ण सांगते’ एवढं. आणि वळ कुठे, केवढा, कोणत्या रंगाचा. दोन वर्षांनी कोर्टात याच दोन ओळी बोलतात.

कोर्ट, आणि नोटीस निघते तो दिवस

अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न, असं २००५ च्या कायद्यात लिहिलं आहे. तारखांचा अनुभव काय असतो ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली कुणीही सांगेल. म्हणून सगळं बळ पहिल्या तारखेवर लावा. कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा. नमुना ३ चं शपथपत्र जोडलं तर दुसरी बाजू ऐकण्याआधी एकतर्फी आदेशही मिळू शकतो.

काय मागायचं हे वकिलांबरोबर बसून ठरवा. राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा हे बहुतेकांना सुचतं. संरक्षण आदेश (कलम १८) मात्र अनेकदा अर्जात नीट मागितलेलाच नसतो. आणि दातांची धार तिथेच आहे, कारण कलम ३१ संरक्षण आदेश मोडण्याबद्दल बोलतं. त्याला एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या बाईच्या साक्षीवरही तो सिद्ध धरता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून ‘तिचा हक्क नाही’ असं कुणी म्हणालं, तर सतीशचंद्र आहुजा निकाल (२०२०) वकिलांच्या कानावर घाला. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही तिचं सामायिक घर ठरू शकतं.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती नोटीस बजावली जाते त्या दिवसाची. नोटीस संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत, जास्तीत जास्त दोन दिवसांत किंवा कोर्टाने ठरवलेल्या मुदतीत बजावायची असते. त्या कागदाने नवऱ्याला पहिल्यांदा कळतं की गोष्ट घराबाहेर गेली. बाई सोडून जाते किंवा जायच्या बेतात असते तो काळ तिच्या जिवाला सर्वांत घातक. म्हणून नोटीस नेणाऱ्या माणसाने निघण्याआधी तुम्हाला फोन करायचा, हे संरक्षण अधिकाऱ्यांशी तोंडी नव्हे तर कागदावर ठरवा. त्या दिवशी बाई आणि मुलं दुसरीकडे असतील. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, औषधं आणि एक किल्ली असलेली पिशवी आधीच शेजारी ठेवलेली असेल. बीट अंमलदारांना माहीत असेल. हे सगळं नमुना ५ च्या सुरक्षा आराखड्यात मांडता येतं. तो नमुना घाईघाईत भरून फायलीला लावून टाकतात, तसं करू नका.

आदेश हातात पडला की काम संपलं असं वाटतं. इथे एक फट आहे. आदेशाची प्रत कोर्टाने मोफत द्यायची असते, बाईला आणि ज्या हद्दीत अर्ज केला तिथल्या पोलिस ठाण्यालाही. बाई राहते दुसऱ्याच हद्दीत असेल तर तिथल्या ठाण्याला त्याचा पत्ताच नसतो. प्रत स्वतः नेऊन द्या, पोच घ्या आणि बाईच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा. रात्री तो दारावर लाथा मारत असताना ११२ वर ‘माझ्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश आहे’ असं सांगता आलं पाहिजे.

गल्ली

समाजाला सोबत घ्या, असं सगळे म्हणतात. माझ्या मते समाजाला छोटी, नेमकी कामं द्यावीत. शेजारणीचं काम: आरडाओरडा ऐकू आला की ११२ लावायचा, मध्ये पडायचं नाही. आशाताईचं काम: गृहभेटीला गेल्यावर खुणेचा शब्द ऐकायचा. शिक्षकांचं काम: मुलांना शाळेतून कोण नेऊ शकतं त्याची यादी पाळायची. पोलिस पाटलांचं काम: आदेशाची माहिती ठेवायची आणि मोडला तर ठाण्याला कळवायचं.

तंटामुक्त समिती किंवा भावकीची बैठक हा अवघड प्रकार. तिथली ज्येष्ठ मंडळी पुष्कळदा मनापासून मदत करू बघतात. पण त्यांचं मोजमाप तंटा मिटला की नाही हे असतं, आणि बाईने घरी जायला होकार दिला की तंटा मिटतो. दोघांना समोरासमोर बसवून ‘तूही थोडं सोस’ हे हिंसेच्या केसमध्ये चालणार नाही, असं स्पष्ट पण गोड शब्दांत सांगा. कोर्टाने समुपदेशन सुचवलं तरी नियमांनुसार मारहाणीचं समर्थन करायची मुभा नवऱ्याला तिथे नसते, आणि तडजोडीचं बोलणं बाईला हवं असेल तरच. हा नियम छापून खिशात ठेवा. मी समितीच्या अध्यक्षांना अनेकदा तोच वाचायला देते. मग त्यांना काम हवं असतं, तर सांगते, तिचे दागिने आणि मुलांची दप्तरं त्या घरातून आणून द्या. हे ते उत्तम करतात.

महिन्याची बैठक

ब्रिटनमध्ये कार्डिफला २००३ पासून अशा बैठका सुरू झाल्या. सर्वाधिक धोक्यातल्या केसेसवर पोलिस, आरोग्य, निवारा आणि बायकांच्या संस्था एकत्र बसून बोलतात. आपल्याकडे तेवढं बांधीव नसलं तरी महिन्यातून एकदा दीड तास संरक्षण अधिकारी, ठाण्यातलं एक माणूस, दवाखान्यातली समाजसेविका आणि विधी सेवेचे वकील यांना एका टेबलाशी बसवता येतं. चहा तुमचा.

सगळ्या केसेस घेऊ नका. गळा दाबलेल्या, आदेश मोडलेल्या, नुकत्याच घर सोडलेल्या अशा चार-पाच घ्या. प्रत्येकीपुरतं ठरवा: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. इतिवृत्तात बाईचं नाव नको, क्रमांक घाला. ‘तुमचा हवालदार उद्धट बोलला’ असं बैठकीत म्हटलंत तर पुढच्या बैठकीला ते येणार नाहीत. ‘मागच्या महिन्यात तीन बायकांच्या एनसी झाल्या, तिघींनीही आधीचा छळ सांगितला होता, तो प्रश्न कुठे विचारता येईल?’ असं म्हटलंत तर एखादा फौजदार स्वतःच ठाणे अंमलदाराच्या टेबलावर प्रश्नांची चिठ्ठी चिकटवतो. तक्रार ते पहिला आदेश किती दिवस, एवढाच आकडा दर महिन्याला फळ्यावर लिहा. बाकीचे तक्ते नंतर बघू.

आणि ती परत गेली तर

जाईल. बऱ्याच जणी जातात, एकदाच नव्हे. मुलांची शाळा, भाडं, आईचं दुखणं, किंवा तोच रडत दारात उभा. बैठकीत कुणीतरी म्हणेल, ‘आपण एवढं केलं आणि ही बघा!’ तेव्हा फाईल बंद करू नका. घटना अहवाल टिकतो, केसपेपर टिकतो, एनसीसुद्धा मागचा इतिहास म्हणून उपयोगी पडते. कामाक्षी (Kamatchi) प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कलम १२ च्या अर्जाला एका वर्षाची मुदत लागू होत नाही, म्हणजे ती पुढे कधी आली तरी अर्ज करता येतो. तिला विचारा, आता फोन केला तर चालेल का आणि कोणत्या नावाने. खुणेचा शब्द बदला, पिशवी शेजारणीकडेच राहू द्या, आणि पुढच्या फोनची तारीख वहीत लिहा.